तिच्या वजनाची सीट

कुशनमास्तरांचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा, कारण त्या वेळी त्यांची बायको उठून बाथरूममध्ये जायची. बायको वारली तरी दिवस साडेचारलाच सुरू होत राहिला, कारण त्या वेळी बाथरूममधून आवाज यायचा.

हुश्श.

लांबून चालत आलेलं माणूस टेकताना सोडतं, तसा श्वास. मग काही नाही.

घरात माणसं तीन. मास्तर बाहेरच्या खोलीत पलंगावर, मुलगा आणि सून आतल्या खोलीत दार लावून. बाथरूम मधल्या बोळाच्या टोकाला, बाहेरून कडी घातलेलं. आवाज यायचा तेव्हा तिघंही आपापल्या अंथरुणात असायचे.

आवाज कमोडवरच्या सीटचा होता, यात शंका नव्हती. ती मास्तरांनी स्वतः बनवली होती. तिचा टाका न् टाका त्यांच्या ओळखीचा. आणि वजन पडल्याशिवाय ती आवाज करत नाही, हेही त्यांनीच तसं केलेलं.

मास्तर बसच्या सीटा बनवायचे. आयुष्यभर तेच काम केलं. लांबलचक शेड, एका बाजूला फोमच्या लाद्या, दुसऱ्या बाजूला लोखंडी सांगाडे, आणि मधल्या टेबलापाशी उभे राहून मास्तर रेक्झिन ओढायचे. रेक्झिन ओढणं मनगटाचं काम नाही, कमरेचं आहे. नवा माणूस हातांनी ओढतो. दुपारपर्यंत त्याची बोटं सुजतात आणि कोपऱ्यात सुरकुती राहते ती राहतेच. मास्तर गुडघ्याने सांगाडा दाबून धरायचे, रेक्झिनची कड मुठीत घेऊन अंगाचा सगळा भार मागे टाकायचे, आणि ओठांत धरलेला खिळा एका घावात बसवायचे. त्यांच्या सीटला सुरकुती नसायची. अर्थात ते कुणाच्या लक्षात यायचं नाही. बसमधला माणूस सीटवर बसतो, सीटकडे बघत नाही.

बायकोच्या मात्र लक्षात होतं. तिच्या जिभेला धार होती. "सगळ्या जगाच्या बुडाखाली गादी घालता," ती म्हणायची, "आणि माझ्या नशिबी हे थंडगार प्लास्टिक."

"बसतेस किती वेळ त्याच्यावर?"

"किती वेळ बसू? आत श्वास घ्यायला हवा कुठंय?"

हेही खरं होतं. त्यांच्या बाथरूमला खिडकी नव्हती. बांधणाऱ्याने बहुतेक विसरलीच होती. मागच्या भिंतीपलीकडे गल्ली, कुणाचं घर नाही, दार नाही. लग्न होऊन आली त्या वर्षापासून बायको म्हणत होती, "अहो, त्या भिंतीला एवढीशी खिडकी पाडून घ्या की." मास्तर म्हणायचे, "बरं." त्यांच्या 'बरं'चा अर्थ नाही असा नसायचा. आत्ता नाही, असा असायचा. आधी छत गळत होतं. मग मुलाचं शिक्षण, मग लग्न. गवंडी बोलवायचा म्हणजे दोन दिवस रजा, सगळ्या घरभर धूळ. ती म्हणत राहिली, हे 'बरं' म्हणत राहिले. पुढे पुढे ती ते अशा सुरात म्हणायची, जसं कुणी जाता जाता दिवा बंद करायची आठवण करतं.

मग तिचं पोटाचं दुखणं निघालं. हां हां म्हणता अंगावरचं मांस गेलं. डॉक्टरांनी सांगितलं, औषध जबर आहे, पोटात अन्न असेल तरच सोसेल. काहीही करा, पण यांना खाऊ घाला.

आणि ती जेवेना.

मास्तरांना आधी वाटलं, दुखण्याने भूक मेली. पण भूक मेलेलं माणूस ताटाकडे बघत नाही. ही बघायची. दोन घास घ्यायची आणि ताट सरकवायची, आणि सरकवलेल्या ताटावरून तिची नजर हलायची नाही.

"का गं, जेवत का नाहीस?"

"जेवले की."

"ते काय जेवण? चिमणीएवढं."

"चिमणीचं बरं असतं. उडता उडता भागतं तिचं."

मास्तर हसले नाहीत. तेव्हा ती हळूच म्हणाली, "अहो, खाल्लं की तिथं जावं लागतं. बसलं की हाडं टोचतात. आणि मी बाहेर आले की सूनबाई आंघोळीला जाते, श्वास धरून. मी बघितलंय तिला दाराशी मोठा श्वास घेताना. बोलत नाही बिचारी. बोलली असती तर मी भांडले तरी असते."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी कारखान्यातल्या कचऱ्यातून प्लायवूडचा तुकडा उचलला आणि जेवणाच्या सुट्टीत त्यावर कमोडच्या सीटचा आकार आखला.

फोम कापणारा एक माणूस होता, त्याला सगळे बडबड्या म्हणायचे. तो डबा घेऊन शेजारी येऊन बसला. "मास्तर, ही कुठल्या बसची सीट? मधे भोक?"

"घरची आहे."

"ड्रायव्हरला बरी आहे हो. गाडी थांबवायलाच नको."

सगळी शेड हसली. मास्तर कापत राहिले.

नुसती गादी करणं सोपं होतं. हाडं टोचणार नाहीत एवढं करून भागलं असतं. पण वासाचं काय? वास मारणाऱ्या वड्या बायकोला चालत नसत, डोकं दुखायचं. निलगिरीचं तेल तेवढं चालायचं. छाती भरली की ती रुमालावर दोन थेंब टाकायची.

मास्तरांना सुचलं ते त्यांच्याच धंद्यातून. सीट शिवताना खालच्या बाजूला भोकं ठेवावी लागतात, हा या कामातला पहिला धडा. माणूस बसला की फोममधली हवा बाहेर जाते, उठला की आत येते. भोकं नाही ठेवली तर सीट बेडकासारखी फुगते. मास्तरांनी ठरवलं, भोकं ठेवायचीच नाहीत. हवेला एकच वाट द्यायची. मागच्या बाजूने एक नळी, नळीच्या तोंडाशी कापसाची पुरचुंडी, कापसावर निलगिरी, आणि वर सायकलच्या ट्यूबचा पातळ पडदा. बसलं की हवा कापसातून, पडदा उचलून बाहेर येईल, वास घेऊन. उठलं की सीट सुईएवढ्या छिद्रातून सावकाश हवा ओढेल. बटण नाही, वीज नाही. बसणं एवढंच काम.

बोलायला सोपं. पहिल्या सीटला प्रत्येक टाक्यातून हवा गळाली. सुई जिथं जाते तिथं भोक पडतंच, आणि मास्तर बारीक टाके घालणारे. सगळी शिवण उसवून लांब टाके घातले, आतून चिकटवायचं सोल्युशन लावलं, वाळलं की पुन्हा लावलं. पडद्याचं रबर जाड झालं, तो उघडेना. पातळ केलं, तर फडफडलं. जेवणाच्या सुट्ट्या त्यातच गेल्या. डबा तसाच घरी न्यायचा नाही म्हणून मास्तर चालत चालत खायचे.

सीट बसवली त्या दिवशी मास्तरांनी स्वतः आधी बसून बघितलं. हुश्श, आणि निलगिरीचा वास. दारात उभी राहून बायको बघत होती. चाळीस वर्षांत इतकी हसली नव्हती.

मग ती बसली. काहीच झालं नाही.

मास्तरांनी नळी बघितली, पडदा बघितला. पुन्हा बसवलं. काही नाही. गादी मऊ लागत होती, पण दबत नव्हती.

"तुम्हालाच ओळखते वाटतं ती," बायको म्हणाली.

मास्तरांच्या लक्षात आलं. फोम बसच्या सीटचा होता. घट्ट, वर्षानुवर्षं टिकणारा, धष्टपुष्ट माणसांसाठी. दुसऱ्या फोमकडे त्यांचा हात गेलाच नव्हता. काम करायचं ते टिकाऊ, ही सवय. आणि समोर बसलेल्या बाईचं वजन फोमला कळण्याएवढंसुद्धा उरलं नव्हतं.

त्यांनी सीट काढली, सगळी उसवली, आणि उशीत घालतात तो सगळ्यात हलका फोम आणून पुन्हा भरली. पडदा इतका पातळ घासला की फुंकर मारली तरी उचलला जावा. बडबड्याने हातात घेऊन दाबली आणि म्हणाला, "मास्तर, हिच्यावर पाखरू बसलं तरी आवाज करेल." या वेळी कुणी हसलं नाही.

ती बसली.

हुश्श.

"अगंबाई," ती म्हणाली. "माझ्याआधीच हिने सुस्कारा टाकला."

त्या दिवशी तिने ताट संपवलं. औषध सुरू झालं. सून बाथरूमच्या दाराशी थांबेनाशी झाली. एकदा तर सासूला म्हणाली, "आई, तुमच्यानंतर गेलं की बरं वाटतं, दवाखान्यासारखा स्वच्छ वास येतो," आणि दोघी हसत सुटल्या. रोज पहाटे साडेचारला मास्तर पलंगावर पडल्या पडल्या विचारायचे, "उठलीस का गं? भिंत धर हं." मग हुश्श ऐकू यायचं आणि ते निर्धास्त व्हायचे. वर्षभर असं चाललं. डॉक्टरांनी धरलं होतं त्याहून पुष्कळच जास्त.

मग एका दुपारी ती झोपेतच गेली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आवाज सुरू झाला.

पहिल्यांदा मास्तर उठून गेले. कडी काढली, दिवा लावला. कोणी नाही. धुतलेली फरशी कोरडी होती. सीट उभी करून भिंतीला टेकवलेली, सून रात्री ठेवायची तशी. आणि निलगिरीचा वास. कापसावर तेल घालणं त्यांनी तिच्यामागे बंद केलं होतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी मास्तर उठले नाहीत. पडून राहिले आणि आवाजाची वाट बघत राहिले. हळूहळू त्यांना त्याची भीती वाटेनाशी झाली. उलट यायला उशीर झाला की जीव खालीवर व्हायचा.

मुलगा म्हणाला, "बाबा, ती सीट काढून टाकूया."

"का? काय वाईट आहे तिच्यात?"

"आवाज येतो."

"आला तर आला. तुझ्या आईची आहे ती."

मुलाने बापाचं तोंड बघितलं. मग चपला घालून कामाला निघून गेला.

सुनेला दिवस गेले होते. मास्तरांची निवृत्ती जवळ आली होती आणि थोडी रजा शिल्लक होती, म्हणून ते घरी होते, आणि घरी होते म्हणून त्यांना दिसलं. जेवताना सुनेचा पाण्याचा पेला भरलेला तसाच राहायचा. ती तो उचलायची, ओठ ओले करायची, खाली ठेवायची. आणि ठेवलेल्या पेल्याकडे बघत राहायची.

ही नजर मास्तरांनी बघितली होती.

"सूनबाई, पाणी पी."

"प्यायले की, बाबा."

दोन दिवसांनी तिला चक्कर आली. डॉक्टरीणबाईंनी खडसावलं, अंगात पाणी नाही, पोटातल्या जिवाचा तरी विचार कर. मुलगा म्हणाला, हिला माहेरी पाठवतो. मास्तर म्हणाले, चार दिवस थांब. पोरगी बाथरूममधल्या आवाजाला भिते, असं त्यांनी ताडलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाट व्हायच्या आत ते बाथरूममध्ये जाऊन स्टुलावर बसले. दार आतून लावलं. सीट उभी, भिंतीला टेकलेली. आत हवा नव्हतीच. आपल्याच अंगाचा वास त्यांना येऊ लागला, आणि ते तरी धडधाकट होते. वरच्या मजल्यावर चप्पल वाजली. नळ सुटल्याचा आवाज झाला. थोड्या वेळाने सीटची गादी किंचित ताठ झाली. मग पडदा उचलला गेला.

हुश्श. त्यांच्या तोंडावर. निलगिरीचा वास असलेला, कोमट.

कोमट का?

त्यांनी भिंतीला हात लावला. सीटमागे भिंत गरम होती.

वरच्या मजल्यावर एक नर्स राहायची. रात्रपाळी करून पहाटे घरी यायची. संध्याकाळी ती जिन्यात भेटली तेव्हा मास्तरांनी विचारलं, "बाई, तुम्ही पहाटे साडेचारला आंघोळ करता का?"

"हो काका. कामावरून आलं की आधी गरम पाणी. का हो? पाइपचा आवाज येतो का?"

"नाही, नाही. सहज विचारलं."

"काकू म्हणायच्या, तू आंघोळ केलीस की माझी भिंत तापते." नर्स हसली. "त्या थांबायच्याच म्हणे माझ्यासाठी. प्लास्टर गरम झालं की जायच्या. टेकून बसायला बरं वाटतं म्हणायच्या. एकदा माझी पाळी बदलली तर मला ओरडल्या होत्या."

मास्तर जिन्यातच उभे राहिले. त्यांना आयुष्यभर वाटत होतं, ती लवकर उठते ती घरातल्यांच्या आधी आटपावं म्हणून.

तेव्हा उलगडा झाला. ती होती तोवर सीट खाली असायची. तिच्यामागे सून रात्री ती उभी करून ठेवू लागली. पहाटे भिंत तापायची, आतली हवा फुगायची, पडदा उचलायची आणि कापसात मुरलेल्या जुन्या तेलाचा वास घेऊन बाहेर यायची. घट्ट फोम असता आणि जाड रबर असतं तर काही झालं नसतं. जवळजवळ नसलेल्या माणसासाठी बनवलेली सीट होती ती. तिला मुळी वजन लागतच नव्हतं.

त्यांनी सुनेला समोर बसवून सगळं सांगितलं. पाइप, भिंत, हवा, पडदा. बाथरूममध्ये नेऊन भिंतीवर हात ठेवायला लावला. तिने सगळं नीट ऐकून घेतलं.

"कळलं, बाबा."

"मग आता भीती नाही ना? पिशील ना पाणी?"

तिने भिंतीवरचा हात काढून घेतला.

"बोल की, पोरी."

"बाबा, मला सीटच्या आवाजाची भीती वाटत नाही. पहिल्यांदा वाटली, नंतर सवय झाली." ती दाराकडे सरकली. "तुम्ही तिच्याशी बोलता, त्याची वाटते."

"मी बोलतो?"

"रोज. आवाज आला की तुम्ही म्हणता, 'उठलीस का गं? भिंत धर हं.' मोठ्याने. मग गप्प बसता. खूप वेळ. कुणी बोलत असताना आपण ऐकतो ना, तसे. आणि मग म्हणता, 'बरं.'" तिचे डोळे भरले होते. "आम्ही दोघं जागे असतो, बाबा. ह्यांनी मला सांगितलंय, कानावर उशी घे. त्या मधल्या वेळात आई काय बोलतात, ते मला एक दिवस ऐकू येईल, याची भीती वाटते. म्हणून तहान लागली तरी पीत नाही. उठायची वेळ येऊ नये म्हणून."

मास्तरांना आपण बोलतो हे ठाऊक नव्हतं. मधल्या वेळात आपण काय ऐकतो, तेही आठवत नव्हतं. पण आयुष्यभरात त्यांनी बायकोला नुसतं 'बरं' म्हटलं होतं ते एकाच गोष्टीला.

"तुला नाही ऐकू येणार," ते म्हणाले. "तुझ्याकडे काही मागणं नाही तिचं."

नोकरीच्या शेवटच्या दिवशी मास्तर सीट पिशवीत घालून कारखान्यात घेऊन गेले. निरोपाची भाषणं झाली, हार घालून झाला. सगळे पांगल्यावर ते आपल्या टेबलापाशी गेले आणि शिवणीत ब्लेड घातलं. पहिला टाका तुटला तशी सीटने एकदम हवा आत ओढली. पलीकडे बडबड्या झाडू मारत होता. तो दचकला.

"मास्तर, काय झालं?"

"काही नाही. थंड झाली होती."

दोघं थांबून राहिले. ती हवा परत बाहेर आली नाही.

मास्तरांनी हलका फोम काढला. बसच्या सीटचा घट्ट फोम भरला, दोन जिवांच्या बाईला पुरेल असा. नळी काढली, पडदा काढला. कमरेतून मागे झुकून नवीन रेक्झिन ओढलं, आणि खालच्या बाजूला भोकं ठेवली, जशी शिकताना ठेवली होती. बडबड्याने हाताने दाबून बघितली. मुकी होती.

"आणि वासाचं काय करणार?" त्याने विचारलं.

"त्याचं दुसरं बघतोय."

गवंडी दोन दिवस येत होता. सगळ्या घरभर धूळ झाली. विटा फोडता फोडता तो म्हणाला, "काका, इथून गरम पाण्याचा पाइप गेलाय. खिडकी नीट मधोमध हवी तर हा वळवावा लागेल."

"पाइपला हात लावू नकोस. खिडकी सरकव."

"वाकडी दिसेल."

"दिसू दे."

गल्लीतला उजेड पहिल्यांदा आत आला तेव्हा मास्तरांना त्या भिंतीवर एक जागा दिसली. बसलेल्या माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवर, वहीच्या पानाएवढी. तिथला रंग घासून गुळगुळीत झाला होता. गवंडी रंगाचा डबा घेऊन आला, तेव्हा त्यांनी त्याला तेवढी जागा सोडायला लावली.

सून रात्री जेवताना पाण्याचा पेला रिकामा करून पालथा घालू लागली.

मास्तर अजून साडेचारलाच जागे होतात. वर चप्पल वाजते, नळ सुटतो. मग काही होत नाही. ते ओठ मिटून पडून राहतात, कारण आत सून झोपलेली असते. थोड्या वेळाने उठतात, जाऊन भिंतीच्या त्या जागेवर तळवा ठेवतात, ती निवेपर्यंत. मग खिडकी उघडतात.

वीतभर रुंद, दोन विती उंच, एका बाजूला सरकलेली. दुधी काचेची एकच झडप, पितळी खिटी. कारखान्याचा शेवटचा पगार तिच्यात गेला.